कुंकू लागलं की माल तुमचा

पुण्याला राहणाऱ्या माझ्या भाच्यानं गेल्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरवर बोटं नाचवून एक शर्ट मागवला. कापडाला हात लावला नाही, उजेडात धरून रंग बघितला नाही, नुसता फोटो पाहून पसंत. शर्ट घरी आला आणि काखेत तंग झाला. मी म्हणालो, "आता बारीक हो."

"मामा, परत द्यायचा. ते येऊन घेऊन जातात."

"काही न बोलता?"

"काही न बोलता."

मग त्यानं मला कंपनीचे परतीचे नियम वाचून दाखवले. लेबल तोडलेलं चालणार नाही. धुतलेलं चालणार नाही. अंगात घातलेलं दिसता कामा नये. मुदतीच्या आत द्यावं. आतले कपडे परत नाहीत. मी खो खो हसत सुटलो. भाच्याला वाटलं, मामाला उन्हाचा झटका बसला. अरे बाबा, हे नियम मला पाठ आहेत! परतूरच्या बाजारात एका कापड दुकानाच्या गादीवर बसून मी सगळी जवानी हेच नियम लोकांना ऐकवले. फरक एवढाच, की कंपनीचे नियम कागदावर असतात आणि आमच्या दुकानाचा नियम म्हणजे मी होतो.

विकणाऱ्याचं नाव होतं, परत घेणाऱ्याचं होत नाही. आमच्याकडे विकायला बाकीचे नोकर होते. गोड बोलायचे, साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशापुढे मुरडायचे. मला शेठनी दाराजवळच्या कोपऱ्यात बसवलं होतं. कारण असं, की गणपतीच्या नाटकात मी दरवर्षी खलनायक करायचो. एका वर्षी पुढच्या रांगेतल्या शेठचा हात माझ्याकडे बघून चपलेपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी दुकानात म्हणाले, "दिगू, आजपासून परतीचं गिऱ्हाईक तुझ्याकडं. तुला शिव्या पचतात."

पचायच्या. खोटं कशाला सांगू, आवडायच्याही.

दुकानात बोर्ड होता, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." पुढे त्याच भिंतीला टॉवेलांचं कपाट ठोकलं आणि सुतारानं शेवटचा "नाही" कपाटाआड घातला. उरलं, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार." लगेच एक गुरुजी धोतरजोडी घेऊन हजर.

"मी मराठी शिकवतो. हा भविष्यकाळ आहे. घ्या परत."

"गुरुजी, कपाटामागं 'नाही' आहे."

"कपाटामागचं तुमचं, समोरचं आमचं."

हरलो. धोतर घेतलं. शेठनी पेंटर बोलावला, पण कपाट काही हलवलं नाही. मोकळी जागा डावीकडं होती, तिथं लाल अक्षरात नवा "नाही" काढून घेतला. तेव्हापासून आमचा बोर्ड वाचणारा माणूस सुरुवातच नकारानं करायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दुकानदार आडमुठा असतो म्हणून परत घेत नाही. तसं नसतं. कपडा दुसऱ्यांदा नवा होत नाही, एवढंच कारण आहे. दुकानाची घडी म्हणजे दुकानाची सही. घरी कितीही नेटानं घडी घाला, ती घरचीच दिसते. मी माल हातात घेतला की आधी घडी बघायचो, मग कॉलर हुंगायचो, मग खिसे. कॉलर खोबरेल तेल लपवत नाही आणि खिसा तर काहीच लपवत नाही. एक जण कोरा शर्ट म्हणून परत घेऊन आला. "हात लावला न्हाई भाऊ, आईच्यान." मी खिशातून अक्षता काढल्या आणि गादीवर एक एक मांडल्या.

"ह्या कुठून आल्या? गिरणीत लग्न होतं का?"

"असंल," तो म्हणाला. "गिरणी तुमची, तुम्हाला ठाव."

थानातलं, म्हणजे ताग्यातलं, कापड फाडायच्या आधी आम्ही दोनदा विचारायचो. हा धंद्याचा जुना रिवाज. मीटरपट्टीनं मोजायचं, कात्री काठावर टेकवायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायचं. "कापू?" ते हो म्हणतं. पुन्हा, "कापू?" कारण साडी एखाद्या वेळी परत येईल, कापलेलं कापड परत येत नाही. मी तो दुसरा "कापू?" असा काही टाकायचो की बायका दचकून नवऱ्याचा दंड धरायच्या. शेठ म्हणायचे, "कापड काप, माणसं नको कापू."

असं सगळं मजेत चाललं होतं. पण परतीच्या कोपऱ्यात बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. तिथं कोणीही आनंदानं येत नाही. एकदा एक तरणा माणूस झबली-टोपडी घेऊन आला. घडी आमचीच होती, पिशवीही आमचीच, कशालाही हात लागलेला नव्हता. मी सवयीनं नाटक सुरू केलं, "का हो, बाळ मोठं झालं का एवढ्यात?" त्यानं पिशवी गादीवर ठेवली आणि पैसे न मागता निघून गेला. त्या दिवसापासून मी आधी तोंडाकडे बघायला लागलो, मग घडीकडे.

आता पसंतीच्या मालाबद्दल सांगतो. भाच्याची कंपनी करते तेच आम्ही करत होतो, फक्त कॉम्प्युटरच्या जागी जीप होती. ज्या बायका दुकानात येत नसत त्यांच्यासाठी साड्या घरी जायच्या. गावातल्या एका खालाजानकडं तर मीच गठ्ठा घेऊन जायचो. त्या पडद्याआडून एकेक साडी आत ओढायच्या आणि शेवटी सगळा ढीग बाहेर ढकलायच्या. "क्या रे दिगू, पूरी दुकान उठाके लाया, पसंद की एक नहीं लाया?" खेड्यांत मात्र माल पोचवायला भरवशाचं माणूस लागायचं. घनसावंगीच्या वाटेवरच्या एका गावात आमचं ते माणूस म्हणजे कमलबाई.

कमलबाईचा नवरा जिनिंगमध्ये सरकी उपसायचा. ती स्वतः ठेंगणी, डावखुरी आणि तोंडानं भलती हुशार. बाजाराच्या दिवशी यायची, साड्यांचं गाठोडं बांधून जीपमध्ये मांडीवर घेऊन जायची, गावातल्या घरोघरी दाखवायची आणि पुढच्या बाजाराला उरलेला माल परत आणायची. कधी एक साडी कमी भरली नाही. तिला दिलेले नियम थोडेच होते. फॉल लावायचा नाही. नेसायची नाही, नुसती अंगावर टाकून बघायची. आणि सगळ्यांत मोठा नियम कुंकवाचा.

आमच्याकडे नवं लुगडं घरात आलं की नेसायच्या आधी पदराच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लागतं. ते लागलं की लुगडं त्या घरचं झालं. म्हणून आम्ही एकच वाक्य सांगायचो, "कुंकू लागलं की माल तुमचा." यावर वाद नाही, घासाघीस नाही. आणि योगायोग बघा. मुलगी बघून गेल्यावर तिकडून होकार येतो, त्यालाही आमच्या भागात पसंतीच म्हणतात. मग सोयरीक पक्की करायला चार माणसं जमतात, मुलीला कुंकू लावतात, त्या कार्यक्रमाचं नावही कुंकूच. हे शब्द घरातून दुकानात आले की दुकानातून घरात गेले, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

एका बाजारी कमलबाईच्या गाठोड्यातून एक मोरपंखी साडी परत आली. बारीक जरीचा काठ, रंग असा की उन्हात निळा आणि सावलीत हिरवा. घडी जवळजवळ आमचीच होती, पण उलट्या हाताची. मी साडी नाकाशी नेली.

"कमलबाई, हिला पावडरीचा वास येऊन राह्यला."

"धा बायकांच्या हातातून फिरली भाऊ. येणारच की."

"आन् खांद्यावर पिनीची दोन भोकं? बायकांच्या हाताला पिना असत्यात का?"

  पदराचं टोक दातांत धरून ती म्हणाली, "मंदीला पाहायला आल्ते."

मंदा तिची लेक. "मंग?" मी विचारलं.

"चहा पेले, पोहे खाल्ले. कळवतो म्हणले."

"कळवलं?"

"न्हाई."

खलनायकाचं भाषण माझ्या ओठांवर आलं होतं, ते तिथंच विरलं. असल्या कापडातली पिनीची भोकं बुजवायची एक युक्ती असते. अंगठ्याच्या नखानं आडवं-उभं हलकं घासायचं, धागे सरकतात, भोक मिटतं. मी नखानं दोन्ही भोकं बुजवली, साडी आमच्या हातानं घडी करून कपाटात ठेवली. कमलबाई बघत होती. म्हणाली, "तुमचं नख लई गुणाचं हाय."

पुढच्या खेपेला तिनं तीच मोरपंखी मागून घेतली आणि पुढच्या बाजाराला ती परत आली. मी नखानं भोकं बुजवली.

"ह्या बारीला पोरगं मास्तर होतं," कमलबाई आपणहून म्हणाली. "मंदी सावळी हाय म्हणले."

"मोरपंखीत सावळी पोरगी राणीसारखी दिसती."

"त्याच्या आईला सांगा की मंग! मला काय सांगता?"

मग हे चालूच राहिलं. मंदाला मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या पावडरीचा वास तेवढा मला ठाऊक झाला, आणि ती पदर कोणत्या खांद्यावर कुठं टाचते तेही. साडी परत आली की मी समजायचो. दुकानातली बाकी माणसं विचारत, ही मोरपंखी विकत का नाही कोणाला, किती दिवस पडून आहे? मी सांगायचो, हिला गिऱ्हाईक आहे, ठरवून राह्यलं. तोवर भोकं बुजवून बुजवून खांद्याजवळचं कापड विरविरीत झालं होतं. नखालाही मर्यादा असते.

आणि एका बाजारी कमलबाई आली ती हात हलवत. गाठोडं जीपमध्येच ठेवून आधी पेढ्यांचा पुडा गादीवर आपटला.

"इचारा, मोरपंखी कुठं हाय?"

"कुठं हाय?"

"न्हाई आणली! आता तुमचा बापबी परत मागू शकत न्हाई." मग जीभ चावून शेठना म्हणाली, "शेठ, तुमच्या बापाला न्हाई म्हणले." शेठ हसता हसता तक्क्यावर कलले. मंदाला पसंती आली होती, चार माणसांत कुंकू लागलं होतं. लावताना सासूच्या बोटातून चिमूटभर सांडलं आणि मोरपंखीच्या पदरावर पडलं. "म्हणलं सांडू द्या! पोरीला लागलं, साडीला लागलं, दोन्हीचा निकाल झाला!" तिनं तिथंच साडीचे पैसे टाकले.

मुलगा आमच्या ओळखीचा. परतुरातच औषधाच्या दुकानात कामाला होता. माझ्या डोकेदुखीची गोळी तोच द्यायचा. दिसायला बरा, बोलायला मऊ.

नंतरचे काही बाजार कमलबाई नुसती हिंडत होती. बस्त्याला, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीला, काय काय घ्यायचं ते मला पढवत होती. मग एकदम यायची बंद झाली. आली ती एका आडवारी, बाजार नसताना. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. मी तोंडाकडे बघितलं. घडी बघायची गरजच नव्हती.

"सोयरीक मोडली," ती म्हणाली. "त्याला औषधाचं दुकान टाकून देणारा सासरा घावला."

कापडातून तिनं मोरपंखी काढली. पदरावर कुंकवाचा डाग तसाच होता.

"परत घ्या."

"कमलबाई..."

"पैसे आत्ता नका देऊ. सावकाश द्या. पर हे घरात नको. पोरगी संदुक उघडून बसती आन् बघत राहती. रडत न्हाई, काही न्हाई. नुसती बघती."

मी साडी उजेडात धरली आणि अंगठ्याचं नख डागावर घासलं. भोक बुजतं हो, कुंकू बुजत नाही. घासलं तसं ते पसरलं. आधी थेंबाएवढं होतं, ते बोटाएवढं झालं. मी हात काढून घेतला आणि शेठकडे गेलो. आयुष्यात जेवढं नाटक शिकलो होतो तेवढं सगळं त्यांच्यापुढं केलं. हात जोडले, आवाज चढवला, आवाज पाडला. शेठ वाईट माणूस नव्हते. उठून स्वतः कमलबाईपाशी आले.

"बाई, पैशाचं काही न्हाई. पैसे देतो मी. पर ही साडी मी ठेवू कुठं? मोडल्या सोयरिकीचं कुंकू हाय हे. उद्या दुसऱ्या कोणाच्या लेकीला दाखवली, तिच्या आईनं इचारलं, हा डाग कसला, तर काय सांगू?"

कमलबाई डोळे वटारून त्यांच्याकडं बघत राहिली. "मंग शेठ, त्यान्ला न्हाई का हो हा नियम? कुंकू लागलं की माल त्यांचा? साडी परत होत न्हाई. पोरगी कशी परत झाली?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, तीही थांबली. शेठनी मान वळवून गल्ल्यावरच्या राजूरच्या गणपतीच्या तसबिरीकडं पाहिलं.  शेठनी पैसे पुढं केले, तिनं घेतले नाहीत. "भीक मागाय न्हाई आले," म्हणाली. साडी पुन्हा कापडात गुंडाळली आणि गेली. त्यानंतर पसंतीचं गाठोडं न्यायला ती आली नाही. त्या गावाला आमचा माल जायचा बंद झाला.

थोड्याच दिवसांत तो औषधवाला मुलगा, त्याची आई आणि नव्या सोयऱ्यांची पलटण आमच्याच दुकानात बस्ता बांधायला आली. परतुरात दुकानं ती किती! साड्यांचा डोंगर झाला. मुलाची आई नाकात नथ मिरवत बसली होती. एक भारी शालू बाजूला काढून तिनं मोठ्यानं विचारलं, "घरी नेऊन पसंत न्हाई पडला तर परत घेता का?"

विकणारा नोकर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते दिगूभाऊ सांगतील."

मी उभा राहिलो. सगळं दुकान माझ्याकडं बघायला लागलं. अशी वेळ नटाच्या वाट्याला क्वचित येते. मी मुलाच्या डोळ्यांत बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "घेतो ना मावशी. कुंकू लागायच्या आत. एकदा कुंकू लागलं, की आमच्याकडं परत करायची चाल न्हाई. बाकीच्यांचं मला माहीत न्हाई."

वाक्य असं पडलं की आमच्या रंगमंचावर तसं कधी पडलं नव्हतं. मी वाट बघत होतो. मुलगा लाल होईल, आई उठून जाईल, कोणीतरी चप्पल काढेल. आईनं तोंडातलं पान दुसऱ्या बाजूला सारलं आणि म्हणाली, "लई कडक हाय बाई दुकान. मंग नीट बघूनच घेऊ." मुलानं तर ऐकलंही नव्हतं. तो सफारीचं कापड चाचपत होता. बस्ता झाला, शेठनी रिवाजाप्रमाणे पहिल्या शालूला कुंकू लावलं, नारळ दिला. जाताना मुलगा मला म्हणाला, "दिगूभाऊ, डोकं कसं हाय आता? गोळीला येत न्हाई तुम्ही."

एवढं मोठं वाक्य, आणि उपयोग कवडीचा नाही. त्या वर्षी गणपतीत मी खलनायक केला नाही. तब्येतीचं कारण सांगितलं.

पुढच्या लगनसराईत, दुपारच्या सुस्त वेळी, कमलबाई दारात दिसली. मागं एक मुलगी. सावळी, उंच, आईसारखी तोंडाळ नसावी अशी. ती जवळ आली आणि मी तिला ओळखलं. पावडरीचा तोच वास.

"ब्लाउजपीस दाखवा," कमलबाई म्हणाली. "मोरपंखीवर जुळणारं."

मी विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं, "कुठं जमलं?"

"शेलूकडं. बिजवर हाय. पहिलीची दोन लेकरं हायती, धाकटं अजून चालत न्हाई." मग स्वतःच पुढं म्हणाली, "साडी तीच नेसवतो. लागलेलंच हाय कुंकू तिला. वेगळं कशाला?" आणि हसायचा प्रयत्न केला. तिचं ते जुनं, भलतं हुशार हसू त्या दिवशी नीट उमटलं नाही.

"नव्या साड्या आल्यात कमलबाई. दोन-चार पसंतीला नेता का? बघा तरी."

"पसंती कोण इचारून राह्यलं, भाऊ."

मी थान काढलं. मोरपंखीतला हिरवा की निळा, ते ठरत नव्हतं. मंदानं न बोलता हिरव्यावर बोट ठेवलं. मी मीटरपट्टीनं मोजलं. कात्री काठावर टेकवली. रिवाज होता म्हणून तिच्याकडं बघितलं.

"कापू?"

मंदानं मान डोलावली.

"कापू?"

पुन्हा डोलावली. इथं कात्री चालवायची असते. सगळ्या नोकरीत मी ती इथंच चालवली होती. हात हलेना. शेठ गल्ल्यावरून बघायला लागले. कमलबाई दाराबाहेर, जीप कुठं थांबते तिकडं बघत उभी होती. मी तिसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी आवाजात नाटक नव्हतं.

"पोरी, कापलं की परत घेता येत न्हाई. कापू?"

मंदा पहिल्यांदा बोलली.

"एवढी माणसं येऊन बघून गेली भाऊ, मला कोणी एकदाबी इचारलं न्हाई. तुम्ही तीनदा इचारलं." तिनं कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं, कात्री सरळ जावी म्हणून. "कापा."